राखून ठेवलेला रंग

गाडीतल्या टेपचा रंग बदलायची खोड सुनेची, असं जिजी सगळ्यांना सांगायची. सासूबाईंचा हात म्हणून स्वस्थ बसत नाही, असं सून सांगायची. दोघी रोज सकाळी एकाच गाडीतून निघायच्या, एकाच डब्यातलं खायच्या आणि परत येईपर्यंत एकमेकींवर आळ घेऊन मोकळ्या व्हायच्या. लाँड्रीतल्या बायकांना इस्त्री करता करता तेवढीच करमणूक.

गाडी जुनी होती, पोटाने मोठी. मागची सीट कधीचीच काढून टाकलेली. तिथे हॉटेलांच्या धुतलेल्या चादरी, अभ्रे, टॉवेल यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले असायचे, त्यामुळे दार उघडलं की ऊन कापडाचा आणि खळीचा वास अंगावर यायचा. लोक गाडीत अत्तराच्या कुप्या टांगतात त्याचं जिजीला हसू यायचं. ज्याच्या गाडीत काही धुतलेलं नसतं त्याने अत्तर लावावं.

पुढे दोन सीटा. एकीवर सून, गाडी चालवायला. दुसरीवर जिजी, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. दोघींच्या मध्ये टेप. त्याची बोटभर उंचीची पट्टी, तिच्यात वेळ आणि रेडिओचा आकडा. गोल बटण दाबून धरलं की पट्टी लुकलुकायची आणि मग बटण फिरवावं तसा तिचा रंग बदलायचा. हिरवा, लाल, निळा, नारिंगी, पांढरा, जांभळा, की पुन्हा हिरवा.

सुनेला निळा हवा असायचा. बाकीचे काटे निळे, तर मधेच हे हिरवं कशाला? डोळ्याला थंड वाटतो म्हणाली, आणि एके दिवशी गठ्ठे चढवून झाल्यावर तिने बटण फिरवून निळा लावून टाकला. जिजी बघत होती. काही बोलली नाही, आणि जिजी बोलली नाही हीच मोठी गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली तर पट्टी हिरवी.

"आई, तुम्ही बदललात?"

"मला काय कळतंय त्यातलं? मला रेडिओचा आवाज कमी करता येत नाही."

"मग आपोआप झाला?"

"तूच केला असशील. सकाळी तुझं लक्ष कुठे असतं? डब्यात चमचा घालायला विसरतेस."

खरं म्हणजे जिजीला त्यातलं सगळं कळत होतं. त्या बटणाशी तिच्याइतकी ओळख जगात आणखी एकाच माणसाची होती, आणि तो माणूस जाऊन वर्ष होत आलं होतं.

जिजीच्या नवऱ्याला लाँड्रीत सगळे मालक म्हणायचे. मालकीण कोण आहे ते सगळ्यांना माहीत होतं, तरी म्हणायचे. मालकांच्या घशाचं ऑपरेशन झालं, त्यात जीव राहिला आणि आवाज गेला. डॉक्टरांनी पाटी दिली. मालकांचं अक्षर मोत्यासारखं. मुलाला, सुनेला, हॉटेलवाल्यांना, सगळ्यांना ते पाटीवर लिहून दाखवायचे आणि सगळे वाचून माना डोलवायचे.

जिजीची गोष्ट वेगळी. तिची शाळा दुसरीतच सुटली होती. आकडे तोंडपाठ, दुकानांच्या पाट्या वाचता यायच्या. पण घाईत लिहिलेली ओळ समोर धरली की अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. "चष्मा घरी राहिला," म्हणायची. चष्मा पर्समध्ये असायचा. मालकांना ते ठाऊक होतं. त्यांनी तिच्यासमोर पाटी कधी धरलीच नाही.

मग एकदा गाडीत, मालकांचे हात चाकावर, जिजीचा तोंडाचा पट्टा चालू. स्टेशनजवळच्या हॉटेलाचं काम सोडायचं का, हे ती त्यांना तिसऱ्यांदा विचारत होती. मालकांनी एक हात काढला, बटण दाबून फिरवलं आणि पट्टी लाल केली. जिजीने पट्टीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"म्हणजे नाही?"

पट्टी हिरवी झाली.

तिथून त्यांचं बोलणं सुरू झालं. हिरवा म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. निळा म्हणजे चहा पिऊ या. नारिंगी म्हणजे पुरे कर आता. हा रंग सगळ्यात जास्त चालायचा. पांढरा म्हणजे दमलो. जांभळ्याला काही अर्थ उरला नव्हता, तेव्हा तो जिजीने ठरवला. "हा राखून ठेवा. ज्या दिवशी माझी माफी मागावीशी वाटेल, त्या दिवशी लावा." मालकांचे खांदे हलले. ज्याला आवाज नसतो तो खांद्यांनी हसतो.

ही भाषा दोघांपुरतीच राहिली. मुलाला सांगितली असती तर पाटी का चालत नाही तेही सांगावं लागलं असतं.

मालक सुखासुखी हो म्हणणाऱ्यांतले नव्हते. काहीही विचारा, आधी लाल. जिजी गप्प बसायची. दोन चौक जायचे, आणि मग गुपचूप हिरवा. दर वेळी दोनच. हे तिने त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मुद्दाम तीन केले असते.

शेवटी त्यांना हॉस्पिटलात नेलं तेही याच गाडीतून. चालवत मुलगा होता. मालक शेजारी, जिजी मागे गठ्ठ्यांवर बसलेली. वाटेत त्यांनी हात लांब करून बटण फिरवलं. मुलाला वाटलं, चुकून लागला. मागून जिजीला पट्टी दिसत होती. पांढरी.

जांभळा त्यांनी कधीच लावला नाही.

तर आता सून रोज निळा लावायची आणि पट्टी रोज दुसरंच काहीतरी व्हायची. जिजी भुताखेताला मानणारी नव्हती. लाँड्रीच्या मागच्या खोलीत काहीतरी पांढरं उभं राहतं म्हणून बायका एकदा तिकडे जाईनात, तेव्हा ती एकटी आत गेली, वाळत घातलेली चादर फरफटत बाहेर आणली आणि प्रत्येकीला तिची घडी घालायला लावली. वायर सैल झाली असेल, असं ती स्वतःलाच सांगत होती.

एकदा गाडीत बसल्या बसल्या ती एका हॉटेलातल्या माणसावर घसरली. त्याने डाग पडलेले अभ्रे परत पाठवले होते आणि डाग त्यांच्याच सॉसचे होते. त्याचे कपडे, त्याची चाल, त्याला वाढवणारी आई, जिजीने काही सोडलं नाही. ती ऐन भरात असताना पट्टी नारिंगी झाली.

जिजी अर्ध्या शब्दावर थांबली.

सुनेने गाडी कडेला घेतली. "आई, बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?"

"का?"

"तुम्ही थांबलात म्हणून."

"मला थांबता येतं," जिजी म्हणाली, आणि पुढच्या हॉटेलापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. काचेत नारिंगी पट्टीचं प्रतिबिंब दिसत होतं. आपण हसतोय हे तिला त्याच काचेत दिसलं.

सुनेने टेपवाल्याला बोलावलं. तो लांबोडका, गप्प माणूस, कानावर पेन्सिल. त्याने टेप ओढून बाहेर काढला, वायरी चाचपल्या, गाडी बंद-सुरू करून पाहिली.

"ह्या पिवळ्या वायरीचा करंट तुटला तर टेप सगळं विसरतो, वहिनी. मग कंपनीचा रंग येतो, हिरवा. वायर सैल होती. आता घट्ट केली."

"पण नारिंगी कसा होतो?"

"नारिंगी नाही होणार. विसरला तर हिरवाच."

"झाला होता."

टेपवाल्याने जिजीकडे पाहिलं, मग सुनेकडे. "मग कोणाचा तरी हात लागला असेल."

"बघा," सून म्हणाली. सुनेचं समाधान झालं. शिकलेल्या माणसांना कारण मिळालं की झोप लागते.

वायर घट्ट झाली आणि पट्टी जास्तच बोलू लागली. जिजी एकटी नसायची म्हणून ती सुनेला विचारल्यासारखं करून विचारायची. "बाजाराच्या रस्त्याने जाऊ या का?" सून म्हणायची, नको, गर्दी असेल. पट्टी हिरवी व्हायची. "मग बाजारानेच घे," जिजी म्हणायची, आणि रस्ता मोकळा असायचा. जिजीचा चेहरा उजळला, भूक वाढली. बायका म्हणाल्या, जिजीला जुन्या रंगात आलेलं बघून बरं वाटतं. रंगात हा शब्द ऐकून ती उगीचच चपापली.

एक गोष्ट सुनेच्या ध्यानात आली होती. "तुम्ही गाडीत नसता ना, तेव्हा दिवसभर निळाच राहतो."

"मग मला उतरवून दे वाटेत."

"आई, मी चिडून नाही म्हणत."

चिडली नव्हती हे खरं. ही पोर चिडली की डब्याचं झाकण आपटायची, एवढं जिजीला माहीत होतं. ती काळजीत होती, आणि ते जास्त वाईट.

जिजीच्या मनात मात्र वेगळंच काहीतरी सलत होतं. पट्टी फार लवकर हो म्हणायची. विचारलं की हिरवा, प्रश्न पुरा व्हायच्या आतसुद्धा. आणि चहाच्या दुकानाचं वळण आलं तरी निळा नाही. मालकांचा निळा त्या वळणाच्या आधीच लागलेला असायचा. ती मनाची समजूत घालायची. इतक्या दिवसांनी भेटलेला माणूस जरा गोडच बोलतो.

मग शर्टाचं झालं. मालकांचा एक चौकटीचा शर्ट होता, कॉलर दोनदा उलटवलेला. तो टाकून द्या म्हटलं की ते आठवडाभर तोंड फिरवून बसायचे. सून एका हॉटेलात गठ्ठे द्यायला उतरली होती. जिजीने हळूच, गंमत म्हणून विचारलं, "अहो, तो चौकटीचा शर्ट कपाटात पडलाय. देऊन टाकू का कोणाला?"

हिरवा. लगेच.

जिजीने पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला. गाडीत खळीचा वास होता. बाहेर सून कोणाशी तरी हसून बोलत होती. पट्टीतली वेळ एका मिनिटाने पुढे सरकली.

"बरं," जिजी म्हणाली. शर्ट तिने दिला नाही.

त्याच आठवड्यात सुनेने सांगितलं, नवीन टेप घ्यायचा. हॉटेलांचे फोन गाडी चालवताना येतात, नव्या टेपवर ते हात न लावता घेता येतात. सगळं पटण्यासारखं होतं. मग ती जरा थांबली, आणि जिजीचा पदर नीट केल्यासारखं करत म्हणाली, "आणि मी तुम्हाला त्याच्याशी बोलताना ऐकलंय. काचेतून. तुम्ही अहो म्हणालात."

जिजीने पर्सची चेन उघडली आणि परत लावली. 

"मला राग नाही आला," सून म्हणाली. "मलाही बाबांची आठवण येते. पण मला तुम्ही हव्या आहात ना, आई. इकडे."

"कधी बसवायचा?" जिजीने विचारलं.

टेपवाल्याकडे जायचं त्या दिवशी ऊन लख्ख होतं. गठ्ठे पोचवून झाले होते, गाडी रिकामी, प्रत्येक खड्ड्यावर मागून पोकळ आवाज येत होता. जिजी वाटभर पट्टीकडे बघत राहिली. एकच प्रश्न विचारायचा होता. इतके दिवस तो तिने विचारला नव्हता, कारण उत्तर येणार हे तिला माहीत होतं.

टेपवाल्याच्या दुकानासमोर सुनेने गाडी उभी केली. दारात वायरींची वेटोळी लटकत होती, आतून तापलेल्या सोल्डरचा वास येत होता. "मी त्याला घेऊन येते. तुम्ही बसा, ऊन आहे," म्हणून ती उतरली.

दार लागलं. पट्टी निळी होती.

"अहो," जिजी म्हणाली.

पट्टीने काही केलं नाही.

"तुम्हीच आहात ना?"

लाल.

जिजीने डोळे मिटले. मग उघडले. असू दे. ह्यांचं पहिलं उत्तर लालच असायचं. गाडी उभी होती, म्हणून तिने मनातल्या मनात ती चालवली. कोपऱ्यावरचं टायरांचं दुकान गेलं. बँक गेली. पहिला चौक, सिग्नलचा. मग शाळेची लांब भिंत, भिंतीवरच्या फुटक्या बाटल्यांच्या काचा. मग दुसरा चौक.

पट्टीचा रंग हलला.

जिजी हसणार होती.

तो हिरवा नव्हता.

जांभळा तिने या गाडीत कधी थांबलेला पाहिला नव्हता. तो तिच्या हातांवर पडला आणि हात नीळ जास्त झालेल्या कापडासारखे दिसू लागले, दुसऱ्याच कोणाचे.

ती त्या रंगाकडे बघत राहिली. संसार झाला, मुलगा झाला, धंदा दोनदा बुडता बुडता वर आला, आणि त्या माणसाने एकदाही माफी मागितली नव्हती. जाताना मागितली नव्हती. तो आता मागणार? लाल म्हटला असता, दोन चौक छळलं असतं आणि हिरवा झाला असता. जांभळा त्याने लावलाच नसता.

म्हणजे ते नव्हते.

आणि जांभळ्याचा अर्थ त्या दोघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हता.

"मग तू कोण?" जिजीने विचारलं. अहो कधी गळून पडलं, तिला कळलं नाही.

यासाठी रंग नव्हता. पट्टी जांभळीच राहिली. ओशाळल्यासारखी.

जिजीला भीती वाटली, नाही असं नाही.  मागच्या रिकाम्या जागेकडे वळून बघायची इच्छा झाली आणि ती तिने दाबली. पण तिची लाँड्रीतली एक रीत होती, सगळ्या शहराला माहीत असलेली. नवीन बाईने चादर जाळली आणि लपवली, तर त्याच दिवशी रजा. जाळली आणि स्वतःहून येऊन सांगितलं, तर ती राहायची. आज तिच्या इस्त्रीवर हात बसलेल्या सगळ्या बायका कधी ना कधी काहीतरी जाळून, रडत, तिच्यासमोर येऊन उभ्या राहिलेल्या होत्या.

दार उघडलं. सून आणि तिच्यामागे टेपवाला, हातात नव्या टेपचं खोकं.

"उतरता ना, आई?"

"नको काढू," जिजी म्हणाली.

"आई, ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं. आता मोडलं. तुझा फोन माझ्याकडे दे, मी घेत जाईन हॉटेलवाल्यांचे फोन. मी बोलले की परत करायचे नाहीत ते."

टेपवाला कानावरची पेन्सिल चाचपत वाकला. "मावशी, हा बिघडलेलाच आहे. बघा, जांभळा झालाय."

"बिघडला नाही. नवीन आहे. शिकेल."

"नवीन? हा वहिनींच्या लग्नाच्या आधीचा आहे."

"तुला विचारलं का?" जिजी म्हणाली, आणि टेपवाला सरळ झाला.

सून तिच्याकडे बघत होती. रागाने नाही. ती आत बसली, हात लांब करून जिजीच्या कपाळाला लावून पाहिला, गार होतं, आणि म्हणाली, "ठीक आहे. तुम्हाला हवा तर राहू दे. मी नाही बदलणार आता रंग."

"शहाणी आहेस. चमचा तेवढा विसरत जाऊ नकोस."

सून हसली. हातातला जुडगा चाळवून तिने गाडीची चावी निवडली आणि खाचेत घातली.

जिजीने ते पाहिलं. चावी काढली की पट्टी विझायची, आणि चावी इतका वेळ सुनेच्या हातात होती.

ती पर्सवर दोन्ही हात ठेवून नीट बसली. गाडी दुकानासमोरून निघाली, तेव्हा तिने सुनेला ऐकू जाणार नाही इतकं हळू विचारलं, जसं ती प्रत्येक नव्या बाईला पहिल्या दिवशी विचारायची. "राहशील ना नीट?"

पट्टी लाल झाली.

"बघा, आता लाल," सून म्हणाली. "काय म्हणायचं याला?"

"गाडी चालव."

टायरांचं दुकान गेलं. बँक गेली. सिग्नल मोकळा होता. शाळेच्या भिंतीपाशी जिजीने खिडकीची काच वर घेतली. दुसरा चौक मागे पडला, आणि पट्टी गुपचूप हिरवी झाली.

दोन चौकांचं जिजी कधीच कोणाजवळ बोलली नव्हती. ते तिने फक्त मनात मोजले होते.